गाउटच्या ठणक्यात रात्री झोप लागत नाही: आधी काय तपासायचं, नंतर काय

लक्षणं

माणूस जेवून-खाऊन नीट झोपतो. रात्री दोन-अडीचला पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागून जाग येते. दिवा लावून पाहावं तर सांधा लालबुंद, ताणल्यासारखा चकाकणारा, आणि हात जवळ नेला तरी धग लागते. चादर टेकलेली सहन होत नाही. पलंगाच्या कडेला कुणी बसलं तर तेवढा हादराही अंगठ्यात जाऊन पोचतो. दुखणं वाढत जातं आणि बारा ते चोवीस तासांत टोकाला जातं. पुढचे काही दिवस खुर्चीत पाय वर ठेवून कसेबसे निघतात, पण रात्र झाली की पुन्हा तेच. डोळा लागतो, कूस बदलताना अंगठा गादीला घासतो, की जाग.

१६८३ मध्ये थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलं आहे. त्यांना स्वतःला हा आजार, म्हणजे गाउट (युरिक ॲसिड साठून होणारी सांधेदुखी), होता. धडधाकट झोपलेला माणूस रात्री दोनच्या सुमारास अंगठ्याच्या दुखण्याने उठतो, त्याला पांघरुणाचं वजन सोसत नाही आणि खोलीत कुणी चाललेलंही सोसत नाही, असं त्यांचं वर्णन आहे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे आमच्याच घरात येऊन पाहून गेलेत.

आमच्या ह्यांना हा त्रास २०१३ च्या आखाडापासून आहे. तेव्हापासून सतरा झटके आले. प्रत्येक तारखेला मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करत आले आणि ती कॅलेंडरं जपून ठेवली आहेत. एका झटक्याच्या तीन-चार रात्री धरा. त्या रात्रींत जे उपयोगी पडलं ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत मांडते आहे.

एक गोष्ट मात्र आधी. अंगठा असा पहिल्यांदाच सुजला असेल तर खालचं काहीही करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गाउट, सांध्यातला जंतुसंसर्ग आणि साधी मुरगळ बाहेरून सारखीच दिसू शकतात. आम्ही पहिल्या वेळी मुरगळ समजून मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं आणि वर तेलाने चोळलं. आधीच तापलेल्या सांध्याला शेक आणि चोळणं! ती रात्र ह्यांनी भिंतीला टेकून बसून काढली.

रात्रीच का?

रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात. शरीराच्या तापमानाला रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत (दर डेसिलिटरला) ते विरघळून राहतं. अंग गार पडलं की कमी विरघळतं, आणि अंगठा हा हृदयापासून सगळ्यात लांबचा, म्हणून गारच असतो. त्यात रात्री अंगाचं तापमान उतरतं, आठ तास पाणी पोटात जात नाही आणि सूज आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं. अमेरिकेत ७२४ रुग्णांच्या पाहणीत मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात झटका येण्याचा धोका दिवसापेक्षा सुमारे २.४ पट दिसला. म्हणजे रात्री त्रास होतो तो मनाचा खेळ नाही. घरातल्यांनी हे समजून घेतलं तर रुग्णाचं अर्धं ओझं उतरतं.

अंगठ्याला काय काय टेकतंय?

हे सगळ्यात आधी पाहा, यात एक रुपयाही जात नाही. आमच्याकडे सोलापुरी चादर, थंडीत वर गोधडी. माणूस उताणा झोपला की पांघरुणाचं वजन नेमकं अंगठ्याच्या टोकावर येतं. पाय बाहेर काढून झोपलं तर डास चावतात, आणि डास हाकलायला पाय झटकला की ठणका. मच्छरदाणी लावली तर तिची खोचलेली कड पायाला लागते.

पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, त्याची एक बाजू कापून टाका आणि पलंगाच्या पायथ्याशी असा ठेवा की पाऊल त्याच्या आत राहील. पांघरूण खोक्यावर पडतं, पायावर नाही. उन्हाळ्यात पांघरूण नको असतं तेव्हा मी जेवण झाकायची छत्रीसारखी जाळी पायावर ठेवते. डास येत नाहीत, वारा लागतो, आणि अंगठ्याला काहीच शिवत नाही. सतरा झटक्यांत मला सापडलेला सगळ्यात कामाचा उपाय हाच.

पायजमा नको. घालताना-काढताना पायाची कड अंगठ्यावरून ओढली जाते. लुंगी किंवा अर्धी पँट बरी. पंखा थेट पायावर येत असेल तर पलंगाची दिशा बदला, काहींना वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही. दुखरा पाय पलंगाच्या बाहेरच्या बाजूला येईल असं झोपवा आणि शेजारी झोपणाऱ्याने त्या रात्रींपुरती खाली गादी घालावी. मी तसंच करते. "अगं, तू कशाला खाली?" असं हे दर वेळी म्हणतात, पण झोपेत माझा पाय एकदा लागला होता आणि मला ते पुन्हा नको आहे.

पाय कसा ठेवलाय?

उशी टाचेखाली नाही, पोटरीखाली घ्यायची. टाच हवेत राहिली पाहिजे. दोन उशा किंवा एक लोड घेऊन पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर येईल असं करा. सुजलेल्या सांध्याभोवतीचं आवरण घट्ट असतं, त्यात पाणी जितकं साठेल तितका ताण वाढतो. पाय वर असला की ते उतरायला मदत होते. पावलाच्या दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे झोपेत पाय बाहेर कलंडत नाही. कुशीवरच झोप लागत असेल तर दुखरा पाय वर, मध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब उशी आणि पाऊल तिच्या बाहेर मोकळं.

हे फक्त झोपताना करून भागत नाही. आमचे हे पूर्वी रात्री साडेदहापर्यंत पाय खाली सोडून टीव्हीसमोर बसायचे आणि मग म्हणायचे, आडवा झालो की दुखणं वाढतं. आता सात वाजल्यापासून समोरच्या स्टुलावर उशी ठेवून पाय वर.

बर्फ

पातळ पंच्यात गुंडाळलेला बर्फ, वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि त्यातली शेवटची वेळ झोपण्याच्या अगदी आधी. औषधाच्या जोडीला बर्फ दिल्याने दुखणं जास्त कमी झाल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे, आणि आमचा अनुभव तोच आहे. बर्फाचे खडे टोचतात. फ्रीजरमधली मटारची पिशवी अंगठ्याभोवती छान बसते. पिशवीचं वजनही सहन होत नसेल तर ती अंगठ्यावर न ठेवता घोट्याच्या पुढच्या भागावर ठेवा. गार होऊ द्यायचा तो सांधा, पण कातडी भाजता कामा नये, म्हणून बर्फ लावून झोपी जायचं नाही. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर बर्फ नकोच.

संडास-बाथरूमची वाट

रात्री दोनदा लघवीला उठणं म्हणजे दोनदा त्या पायावर भार. आमचं बाथरूम पलंगापासून चौदा पावलांवर आहे, मी मोजली आहेत. मेडिकलमध्ये लघवीचं प्लास्टिकचं भांडं स्वस्तात मिळतं. ह्यांना पहिल्यांदा फार संकोच वाटला. मी भांडं पलंगाखाली ठेवलं आणि काही बोलले नाही. तिसऱ्या रात्री त्यांनी ते वापरलं, आणि त्यानंतर सलग चार तास झोपले.

पाणी भरपूर प्यायचं, पण दिवसा. संध्याकाळनंतर थोडं थोडं. रात्री जाग आलीच तर चार घोट घेता यावेत म्हणून उशाशी तांब्या-भांडं असू द्या. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असून पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेच पाळा.

संध्याकाळी पोटात काय गेलं?

दारूबद्दल स्पष्ट लिहिते. "दोन घोट घेतले की झोप तरी लागेल" हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. दारूमुळे किडनीतून युरिक ॲसिड बाहेर पडणं मंदावतं, बिअरमध्ये तर त्याचा कच्चा माल, म्हणजे प्युरिनही असतं. लागलेली झोप उत्तररात्री तुटते, आणि वर वेदनाशामक गोळी घेतलेली असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका. झटक्याच्या दिवसांत एक थेंबही नको. गोड कोल्ड्रिंकही नको, त्यातली फ्रुक्टोज ही साखर युरिक ॲसिड वाढवते.

पण उपाशीही ठेवू नका. कडक उपासानेही युरिक ॲसिड चढतं. ह्यांचे दोन झटके निर्जळी एकादशीनंतरचे आहेत, कॅलेंडरवर दिसतं. मऊ भात, वरण, ताक उत्तम. डाळी पूर्ण बंद करण्याचा आग्रह सोडा. डाळी-भाज्यांतल्या प्युरिनने गाउट वाढत नाही असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. जपायचं ते कलेजी, खिमा, पायाचं सूप, कोळंबी, तारली यांना. आखाडातल्या मटणाच्या पंगती आणि जत्रेचे दिवस आमच्या कॅलेंडरवर लाल गोलांनी भरलेले आहेत.

गोळी कधी घेतली?

वरचं सगळं करूनही झोप लागत नसेल तर अडचण बहुधा इथे आहे. सूज उतरवणारं औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू झालं तर झटका लवकर मोडतो. आम्ही मात्र वर्षानुवर्षं "सकाळी बघू" म्हणत दीड-दोन दिवस घालवले. एका डॉक्टरांनी अखेर लिहूनच दिलं की ठणका सुरू होताच कोणती गोळी, किती, किती वेळा. तो कागद आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि गोळ्या खालच्या डब्यात. असा कागद मागून घ्या. रात्री दोन वाजता दुकान उघडं नसतं.

तीन प्रकारची औषधं देतात, आणि कुणाला कोणतं हे डॉक्टरच ठरवतात, कारण तिन्हींत धोके वेगळे आहेत.

पहिली, नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन, एटोरिकॉक्सिबसारखी वेदनाशामकं. पोटात अन्न असतानाच घ्यायची. किडनी कमजोर असेल, अल्सर होऊन गेला असेल, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मनाने घेऊ नका. आणि नावं वाचा! एकदा ह्यांनी डॉक्टरांची एक आणि दुकानातून मागून आणलेली एक अशा दोन गोळ्या घेतल्या. ब्रँड वेगळे, पण दोन्ही एकाच जातीच्या. दोन दिवस पोटात आग पडली होती.

दुसरं कोल्चिसीन. पूर्वी जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी देत. कमी मात्राही तितकीच काम करते हे आता सिद्ध झालं आहे. म्हणून "दुखतंय, अजून एक घेतो" इथे अजिबात चालत नाही. जास्त कोल्चिसीन जिवावर बेततं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, तसंच रक्तदाबाच्या व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांसारख्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. जुलाब सुरू झाले तर थांबून फोन करा. जुलाबांनी रात्र जातेच, शिवाय अंगातलं पाणीही.

तिसरं स्टेरॉइड, म्हणजे बहुधा प्रेडनिसोलोन. याने कित्येकांची झोप उडते. सकाळी नाश्त्यानंतर घेण्याऐवजी रात्री घेतलं जात असेल तर दुखणं कमी होऊनही माणूस टक्क जागा राहतो. आमच्याकडे दोन रात्री हेच झालं आणि दोष अंगठ्याला देत बसलो. वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा.

पॅरासिटॅमॉल सूज उतरवत नाही, पण दुखण्याची धार थोडी बोथट करतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर जोडीला चालतं. दुखण्यावर ॲस्पिरिन मात्र नको, त्याने युरिक ॲसिडची पातळी खाली-वर होते. हृदयासाठी दिलेली लहान ॲस्पिरिन असेल तर ती आपणहून बंदही करू नका.

ओळखीच्या एकाने आम्हाला सांधेदुखीची पुडी आणून दिली होती. नाव नाही, घटक नाहीत. सकाळपर्यंत ठणका गायब झाला, आणि चौथ्या दिवशी साखर ३१० वर. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. इतक्या लवकर आराम पडतो म्हणूनच ती घातक आहे.

झोपेची गोळी आणि घोरणं

इतर कुणाला दिलेली झोपेची गोळी उसनी घेऊ नका. गुंगीत पाय जमिनीवर आपटला तरी कळत नाही, आणि तोल जाऊन पडण्याची भीती असते. दुसरं कारण मोठं आहे. गाउट असलेल्यांत झोपेत श्वास अडकण्याचा विकार, स्लीप ॲप्निया, बराच आढळतो. माणूस जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतो. अशाला झोपेची गोळी धोक्याची. ठणका नसलेल्या रात्रीही असं होत असेल तर त्याची वेगळी तपासणी करून घ्या.

झटक्याच्या पहिल्या दोन रात्रींत सलग सात तासांची अपेक्षा ठेवू नका. दोन तासांचे तीन तुकडे मिळाले तरी ती चांगली रात्र धरा. दुपारी पाय वर करून झोपलं तरी हरकत नाही. घड्याळ मी उशापासून उचलून ठेवते.

पुन्हा पुन्हा येतंय तर

झटक्याच्या भरात केलेल्या रक्ततपासणीत युरिक ॲसिड कधी नॉर्मलही येतं. त्यावरून "गाउट नाही" असं ठरवू नका. झटका ओसरून दोन-तीन आठवडे झाल्यावर पुन्हा तपासा. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का ते पाकिटावर पाहा, त्याने युरिक ॲसिड वाढतं. पर्याय असतात, पण बदल डॉक्टरांनीच करायचा.

वर्षात दोन किंवा जास्त झटके येत असतील तर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटसारखं रोजचं औषध लागतं आणि युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवावं लागतं. इथे आम्ही मोठी चूक केली. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात झटका आला आणि ह्यांनी ते बंद केलं. साठलेले स्फटिक विरघळायला लागले की सुरुवातीला असं होऊ शकतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा सुरू केलं ते कमी मात्रेत, आणि पहिले काही महिने जोडीला थोडं कोल्चिसीन. चालू असलेलं ॲलोप्युरिनॉल झटक्यातही थांबवायचं नसतं. अपवाद एकच: अंगावर पुरळ उठलं तर लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ह्यांचं युरिक ॲसिड आता ५.४ आहे आणि शेवटच्या लाल गोलाला दोन वर्षं झाली.

घरचे उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे केव्हा?

ताप किंवा थंडी वाजून येणं आणि सोबत सुजलेला सांधा, विशेषतः गुडघा: सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्यात तासागणिक नुकसान होतं, रात्रीच निघा. लाली अंगठ्यापासून घोट्याकडे वर सरकत चालली असेल, जवळ जखम किंवा पू असेल, मधुमेह्याचा पाय असेल, तरी तसंच. काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, कमरेत कळ येऊन लघवीत रक्त, कोल्चिसीननंतर न थांबणारे जुलाब-उलट्या यांत सकाळची वाट पाहायची नाही. किडनी कमजोर असेल किंवा अवयव-प्रत्यारोपण झालेलं असेल तर प्रत्येक झटक्याला आधी फोन. आणि औषध सुरू होऊनही दोन दिवसांत दुखणं किंचितही हललं नाही, तर निदान किंवा औषध पुन्हा तपासायला हवं. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट असतात. गरज वाटली तर सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक आहेत का, जंतू आहेत का, ते पाहतात.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, काढे-पुड्यांसकट. पायात पुढून पूर्ण उघडी चप्पल, आणि गाडीत मागच्या सीटवर आडवा पाय ठेवता येईल अशी जागा. वाटेतल्या गतिरोधकांवर गाडी अगदी हळू घ्यायला सांगा.